नागोरावांची सीडी आणि माझं नाक

बोईसरजवळ सालवडला आमच्या इमारतीत नागोरावांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. मधे चार फुटांचा व्हरांडा, त्यात दोन्ही घरांच्या चपला आणि त्यांच्या बायकोची, गोजराबाईंची तुळस. या चार फुटांवरून गेली तेवीस वर्षं त्यांची सीडी माझ्या घरात येते. ते नोकरीत होते तेव्हा रविवारी यायची, निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दहाला येते. मी कधी बोलावलं नव्हतं. सुरुवातीला रात्रपाळी करून आलो की मी उशी डोक्यावर घेऊन झोपायचो आणि मनातल्या मनात नागोरावांना शिव्या घालायचो. नंतर कधी सवय झाली ते कळलं नाही. आता तोडी म्हणजे तोडी आणि भूप म्हणजे भूप हे मला कळतं, आणि ते सगळं शिव्या घालता घालता शिकलोय.

नागोराव मूळचे जिंतूरकडचे. गावात भजनी मंडळात पखवाजावर बसायचे. आयटीआय करून इकडे आले आणि रंग-रसायनाच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागले. म्हणजे प्लँटमधल्या दाबाचे, तापमानाचे काटे आणि आकडे बरोबर दाखवतात की नाही, ते बघणारा माणूस. बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. त्यातली निम्मी कॉम्प्रेसर हाउसमध्ये, जिथे शेजारच्याशी बोलायचं तर बोटांनी बोलावं लागतं. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. नागोराव ते खिशात ठेवायचे. बोळे घातले तर मशीनचा सूर बदललेला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

सीडी प्लेअर त्यांना बक्षीस मिळाला. सुरक्षा सप्ताहातल्या घोषवाक्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर. घोषवाक्य हेल्मेटबद्दल होतं, हे नशीब. घरी आणल्यावर नागोरावांनी पहिलं काम काय केलं, तर प्लेअरच्या डोक्यावर कंपनीतल्यासारखी चिठ्ठी चिकटवली. तपासणी दिनांक, पुढची तपासणी, तपासणाऱ्याची सही. दर सहा महिन्यांनी झाकण उघडायचं, धूळ फुंकायची, कापसाच्या काडीला आयपीए लावून लेन्स पुसायची आणि नवी चिठ्ठी लावायची. आयपीए म्हणजे लगेच उडून जाणारं साधं स्पिरिट, ते मी पुरवायचो. एका तपासणीला एक दिवस उशीर झाला, तर त्या दिवशी त्यांनी सीडी लावली नाही. गोजराबाई म्हणायच्या, आमच्या लग्नाचा वाढदिवस ह्यांना कुणी असा चिकटवून द्यायला पाहिजे होता.

सीड्या तीनशेच्या वर. सगळ्यांना नंबर. मुलगा ज्ञानेश विरारला असतो. महिन्यातून एकदा बायको अपेक्षा आणि मुलगी स्वराला घेऊन येतो आणि दर वेळी वडिलांना समजावतो की जगातली सगळी गाणी आता फोनमध्ये आहेत, हे डबडं कशाला. नागोराव वाद घालत नाहीत. ते फक्त एवढंच विचारतात की तुझ्या फोनमधली अठ्ठेचाळीस नंबरची तोडी किती लांब आहे. ज्ञानेश शोधतो. कधी आठ मिनिटं निघते, कधी तीस, कधी भलत्याच मैफलीची. नागोराव म्हणतात, माझी बावीस मिनिटं पाच सेकंद आहे, काल होती, उद्याही असेल.

त्यांचं ऐकणं बघण्यासारखं होतं. प्लेअरच्या अगदी समोर पाटावर बसायचे. प्लेअरवर हिरव्या आकड्यांत मिनिटं आणि सेकंद सरकत असायचे. नागोराव त्याकडे बघत मांडीवर ताल धरायचे. मला म्हणायचे, आता बघ, सात चौदा. आणि बरोबर सात मिनिटं चौदा सेकंदांना सारंगी शिरायची. अकरा चाळीसला तान समेवर यायची आणि नागोराव ‘वा’ म्हणायचे, आणि ते ‘वा’ समेच्या इतकं डोक्यावर पडायचं की वाटावं तेही रेकॉर्डिंगमध्येच आहे. आवाज मात्र वर्षागणिक वाढत होता. कॉम्प्रेसर हाउसची सवय, दुसरं काय, असं मी धरून चाललो होतो. एकदा स्वराने गंमत म्हणून आकड्यांवर तळहात ठेवला, तर नातीला कधी एक शब्द वावगा न बोलणारा माणूस तिच्यावर खेकसला. पोर रडली. आम्ही सगळे त्यांच्यावर चिडलो.

निवृत्तीनंतर त्यांना दुसरं काही नव्हतं. पत्ते नाहीत, देवळाचा कट्टा नाही. ज्या दिवशी सीडी होत नसे त्या दिवशी ते जेवायचे, झोपायचे, पण बोलायचे नाहीत. म्हणून त्या प्लेअरचं काही होणं म्हणजे नागोरावांचंच काही होणं, हे दोन्ही घरांना माहीत होतं. आणि मी नेमकं तेच केलं.

आता माझ्या नाकाबद्दल. मी दुसऱ्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो आणि माझं नाक प्रसिद्ध होतं. कुठल्या लाइनला गळती आहे, कुठल्या ड्रममध्ये काय आहे, हे मी झाकण न उघडता सांगायचो. मीटर नंतर यायचा, आधी कैलास पाटील. एकदा शेजारच्या कंपनीनेसुद्धा मला बोलावून नेलं होतं. हे नाक निवृत्तीच्या दोन वर्षं आधी गेलं. एका दिवसात नाही, हळूहळू. शेवटी शेवटी मी हेल्परच्या चेहऱ्याकडे बघून गळती ओळखायचो. त्याने नाक मुरडलं की मी म्हणायचो, हं, तीन नंबरला बघा. घरी बायकोला, विजयालासुद्धा सांगितलं नाही. किनाऱ्यावरच्या नवापूरहून येणाऱ्या कोळणीकडून मासळी घेणं सोडलं, कारण एकदा शिळी मांदेली आणली आणि विजयाने चार दिवस ऐकवलं. कोरोनाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण ज्याची सगळी अब्रूच नाकात आहे, त्याने नाक गेलं म्हणून कुणाला सांगायचं?

आमच्या भागात घरोघरी कंपनीतून आलेल्या बाटल्या असतात. शेगडीचं तेलकट काढायला एक, चिकटपट्टीचे डाग काढायला एक, मोरी मोकळी करायला एक. माझ्या गॅलरीतल्या खोक्यात तशा दोन होत्या. पाण्याच्या बाटल्या, चिठ्ठी नाही. डावीकडे ॲसिटोन, उजवीकडे आयपीए. दोन्ही पाण्यासारखी दिसतात. पूर्वी हुंगून ओळखायचो, आता जागेवरून. बिनचिठ्ठीची बाटली ठेवली म्हणून नोकरीत किती हेल्परांना मी झापलं असेल. दिवाळीच्या साफसफाईत विजयाने खोकं काढलं, पुसलं आणि बाटल्या परत ठेवल्या. कुठली कुठे, ते तिला तरी काय ठाऊक.

त्याच दिवाळीनंतर नागोरावांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. दुखणी अंगावर काढणारा माणूस, गुडघ्याला सहा वर्षं नुसतं तेल चोळतोय, पण डोळ्याच्या बाबतीत स्वतःहून पालघरला जाऊन तारीख घेऊन आला. आकडे धूसर दिसतात म्हणाले. मला वाटलं, पेपरातले.

डॉक्टरांनी दहा दिवस खाली वाकायला बंदी केली आणि तपासणीची तारीख नेमकी त्यात आली. नागोराव आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडलेले. मी म्हणालो, मी करतो, तेवीस वर्षं बघतोय. बाटली आणली, झाकण उघडलं, काडी भिजवली आणि लेन्स अशी हळुवार पुसली की नर्सने बघावं. स्वयंपाकघरातून गोजराबाई म्हणाल्या की नखांचा रंग काढतात तसला वास येतोय. मी म्हणालो, आयपीएचा वास असाच असतो वहिनी. हे एवढं एक वाक्य माझ्या आयुष्यातलं सर्वांत महागडं वाक्य आहे.

ॲसिटोनने प्लॅस्टिकची लेन्स दुधाळ होते. प्लेअर सीडी घ्यायचा, घरघर करायचा आणि सीडी नाही असं सांगायचा. एक टाकली, दुसरी टाकली, अठ्ठेचाळीस नंबर टाकली. सगळ्यांना एकच उत्तर. झाकण पुन्हा उघडून मी लेन्स पाहिली आणि घाईघाईने झाकण लावून टाकलं. आतून नागोराव उठून आले, दारात उभे राहिले. मी म्हणालो, मशीनचं वय झालं वाटतं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, व्हय, झालं असंल. आणि परत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवसापासून दहा वाजता व्हरांडा गप्प. ज्या सीडीवर मी वर्षानुवर्षं वैतागलो, ती नाही म्हणून मला चहा गोड लागेना. गोजराबाई सांगायच्या की हे नुसते बसून असतात, विचारलं तर हूं म्हणतात. मी कबूल करायचं ठरवून तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो.

ज्ञानेशने पुढच्याच रविवारी नवा ब्लूटूथ स्पीकर आणला. नरम आवाज, छान दिसणारा, मुठीएवढा. नागोरावांनी अर्धा तास त्याच्यासमोर बसून घेतलं. पण त्यांचे डोळे स्पीकरवर कुठे ठरत नव्हते. नंतर म्हणाले, चांगला आहे, स्वराला दे. ज्ञानेश रागावला. म्हातारपणी हट्टीपणा वाढतो, असं व्हरांड्यात मला म्हणाला. मी मान डोलावली. म्हणजे मी केवढा नीच झालो होतो बघा.

शेवटी प्लेअर घेऊन मी बोईसरला अंकुशकडे गेलो. अंकुश विक्रमगडकडचा, स्टेशनजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हात सोन्याचा. त्याने भिंगातून पाहिलं आणि लगेच म्हणाला, ‘‘लेन्स जळलीय काका. कोनीतरी भलताच लावलाय हिला.’’ मी म्हणालो, असेल. अशी लेन्स आता नवी मिळत नाही म्हणाला. पण त्याच्या गावच्या घरी माळ्यावर जुना व्हीसीडी प्लेअर पडून होता, लग्नाच्या सीड्या बघायचा. तो तात्पुरता देतो म्हणाला. चालू हाय, पन त्याचं आकडं दिसत नाय. आकडे नसले तर काय बिघडतं, असं मला वाटलं. गाणं तर वाजेल.

रविवारी सगळे जमले. ज्ञानेश, अपेक्षा, स्वरा, विजया, मी. अंकुशचा डबा जोडला, अठ्ठेचाळीस नंबर टाकली आणि तोडी सुरू झाली. स्वच्छ, पहिल्यासारखी. विजयाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. नागोराव पाटावर बसले, डब्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काळी काच होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला.

अकरा मिनिटं होऊन गेली आणि सीडी अडकली. तान अर्ध्यावर तुटली आणि तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा. गाणाऱ्या बाईंचा आवाज कुणी गळा धरल्यासारखा. त्या तुकड्यात डग्ग्याचा एक ठोका होता, तो धप् धप् वाजत राहिला. स्वराने कानांवर हात ठेवले. ज्ञानेश उठायला लागला, तेवढ्यात गोजराबाईंनी त्याचा हात धरून खाली बसवलं. मी नागोरावांकडे पाहिलं. ते हसत होते. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर चाललेली, ताल सरळ, कुठेही अडकलेला नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. डबा अजून तेच तेच ओकत होता, आणि नागोरावांनी मान झुकवून म्हटलं, ‘‘वा.’’

अकरा चाळीसची सम जिथे यायला हवी होती, बरोबर तिथे.

गोजराबाईंनी उठून डबा बंद केला. नागोराव तरी ताल धरून होते. मग त्यांनी डोळे उघडले, बायकोचा हात बटणावर पाहिला, आमचे चेहरे पाहिले आणि त्यांची बोटं थांबली. तो चेहरा मला पुन्हा बघायला नको.

मी चहाच्या निमित्ताने गोजराबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘ह्यांना गाणं ऐकूच येत न्हाई, कैलासभाऊ. सात-आठ वर्षं झाली. आकडे दिसतेत तवर येतंय.’’

बोलणं ते तोंडाकडे बघून समजून घेतात, कॉम्प्रेसर हाउसमध्ये शिकलेली विद्या, म्हणून कुणाला कळलं नाही. कुणाला न सांगता पालघरला जाऊन कानाचं यंत्रही लावून पाहिलं होतं. त्यात सगळं ऐकू येतं, गाणं सोडून, असं म्हणाले आणि परत देऊन आले. मग मला उलगडा झाला. कंपनीत कंट्रोल पॅनलवर बसलेल्या माणसाला आतला रिॲक्टर कधी दिसत नाही. त्याला आकडे दिसतात, आणि आकड्यांवरून आत काय चाललंय ते तो डोळ्यांपुढे आणतो. नागोरावांनी बत्तीस वर्षं तेच केलं होतं. सात चौदा दिसलं की त्यांच्या आत सारंगी शिरत होती. फोनमधली तोडी कितीही गोड असो, तिचे आकडे त्यांच्या डोक्यातल्या तोडीशी जुळत नव्हते. आणि तो हिरवा आकडा मी एका काडीने पुसून टाकला होता.

मी बाहेर आलो. नागोरावांच्या समोर, त्यांना माझं तोंड दिसेल असा बसलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, ‘‘नागोराव, लेन्स मी घालवली. ॲसिटोन होतं ते. मला वास येत नाही. सहा वर्षं झाली.’’

विजयाच्या हातातला कप तसाच राहिला. नागोराव माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी दारातून बघत होते तसेच.

‘‘मला तवाच कळलं,’’ ते म्हणाले. ‘‘आतल्या खोलीत वास आलता.’’

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, रागाने की कशाने ते मलाच माहीत नाही.

‘‘कामून बोलू? अर्ध्या एमआयडीसीत तुझ्या नाकाचं नाव हाय. तुझं नाक गेलंय हे म्या चारचौघांत सांगू?’’

साठी उलटलेला माणूस मी, सगळ्यांपुढे रडलो. लाज वाटली नाही. आपलं गाणं बंद पडलं तरी चालेल, पण शेजाऱ्याची इज्जत राहू दे, असं म्हणून हा माणूस तीन आठवडे मुका बसला होता. आणि मी व्हरांड्यात त्याच्या हट्टीपणाला मान डोलावत होतो.

ज्ञानेश वडिलांजवळ जाऊन बसला. तो त्यांचा गुडघा चोळत राहिला. स्वरा मात्र पोरांच्या सरळपणाने आजोबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली की मी आकड्यांवर हात ठेवला होता ना, म्हणून तुम्ही ओरडलात. त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

मी सीडी काढली, पुसली, परत टाकली. हातातलं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. तोडी सुरू झाल्यावर नागोरावांसमोर बोटं धरली. एक मिनिट, एक बोट. दोन मिनिटं, दोन बोटं, दहानंतर पुन्हा एकापासून. कॉम्प्रेसर हाउसमधल्या खुणा मलाही येतात, त्यासाठी नाक लागत नाही. सात मिनिटांनंतर चौदा सेकंद मोजून मी हात खाली आणला, सारंगी शिरली आणि नागोरावांच्या चेहऱ्यावर ती दिसली. बावीस मिनिटं पाच सेकंद मी हात वर धरून बसलो. दोन दिवस खांदा दुखला.

पुढच्या आठवड्यात अंकुशने त्या डब्याची लेन्स काढून जुन्या प्लेअरमध्ये बसवली. बसेल की नाही, याची त्यालाही खात्री नव्हती. हिरवे आकडे परत आले. अंकुश त्या डब्याचं काही घ्यायला तयार नव्हता, तेव्हा गोजराबाईंनी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि तो वाढलेलं सगळं जेवून गेला.

परवा सहामाही तपासणी झाली. मी बाटलीवर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावलीय. तरी नागोरावांनी ती आधी गोजराबाईंच्या नाकाखाली धरली, मग मला दिली. काम झाल्यावर त्यांनी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. तपासणाऱ्याची सही या रकान्यात त्यांनी तीन ओळी पाडल्या आणि प्लेअर माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: डोळे, नागोराव. नाक, गोजराबाई. कान, कैलास.

मी माझ्या नावापुढे सही केली. मग त्यांनी अठ्ठेचाळीस नंबर टाकली.